‘घरासाठी गाणं सोडलं’ असं म्हणालं कोण?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

फोंडा तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील सरकारी हायस्कुलात संगीत शिक्षक होते. निवृत्तीनंतर बरीच वर्षं घरीच होते आणि गेल्या श्रावणात वारले. आता वर्षश्राद्ध जवळ येतंय. जुन्या विद्यार्थ्यांनी समिती केली आहे. फोंड्यात मोठी स्मृती-संगीतसभा, व्यासपीठावर मान्यवर, एक स्मरणिका असा बेत आहे, आणि स्मरणिकेतला पहिला लेख मुलीनेच लिहावा असा आग्रह आहे.

त्या लिहितात: “पप्पा तरुणपणी मुंबईला एका बुवांकडे शिकायला गेले होते. दीड-दोन वर्षांत परत आले, नोकरी धरली, दोन्ही आत्यांची लग्नं लावली, आम्हाला शिकवलं. आकाशवाणीवर गायचे, पण बी-हायच्या पुढच्या श्रेणीसाठी ऑडिशन दिली नाही. निवृत्त झाल्यावर तरी मैफली करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते मात्र माझ्या मुलाला शाळेतून आणायचे, आईला गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचे, सोमवार सोडून रोज मासळी आणायचे. शोकसभेत एक विद्यार्थी म्हणाला, ‘सरांनी संसाराच्या वेदीवर गाण्याची आहुती दिली.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत राहिले. ती वेदी म्हणजे आम्हीच ना?”

पुण्यात असलेल्या भावाला कार्यक्रम थाटात हवा आहे, तो खर्चही करायला तयार आहे. आई म्हणते, “कार्यक्रम नको, घरी भजन करा, पुरे.” एका विद्यार्थ्याने पप्पांची पेटी मागितली आहे. कॅसेटींनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर पडून आहे. “लेख लिहायला बसते आणि उठते. काय लिहू? आईचं ऐकू की समितीचं? आणि पप्पा मनातून दुःखी होते का, हे आता कोणाला विचारू?”

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि त्यात पप्पा जिथे जिथे गाताना किंवा वाजवताना दिसतात, तिथे खुणा करत गेले. पहाटे तंबोरा लावून बसतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी पंधरा दिवस वाड्यावरच्या पोरांना अंगणात घुमट, शामेळ ही तालवाद्यं आणि कांसाळं म्हणजे झांजा देऊन आरत्यांचा सराव करून घेतात. देवळातल्या उत्सवी नाटकाला पेटीवर बसतात. शाळा सुटल्यावर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांची मुलं घरी येतात. तुमचा मुलगा शाळेतून येताना आजोबांच्या स्कूटरवर मागे बसून पाढे भूप रागात म्हणतो. हे सगळं तुम्हीच लिहिलंय, आणि त्याच पत्रात ‘पप्पांनी गाणं सोडलं’ असंही लिहिलंय. या दोन गोष्टी एका माणसाबद्दल कशा खऱ्या असतील?

सोडली असेल तर त्यांनी मैफल सोडली. म्हणजे तिकीट, बिदागी, दुसऱ्या दिवशी पेपरात येणारं परीक्षण, हे सगळं. आपल्याकडे गवई कोणाला म्हणायचं हे त्यावरून ठरतं, म्हणून मैफल गेली की गाणं गेलं असं आपण धरून चालतो.

आता शोकसभेतल्या त्या वाक्याकडे येऊ. ते वाक्य पप्पांचं नाही. तुम्हीच लिहिलंय, की मुंबईहून का परतले यावर ते कधी बोलले नाहीत. जो माणूस स्वतः बोलला नाही, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ गावाने लावला. सोपा लावला, ऐकायला गोड लावला. एकदा तो लावला की पुढचं सगळं त्यात बसत जातं. नोकरी म्हणजे त्याग, बहिणींची लग्नं म्हणजे त्याग, नातवाला शाळेतून आणणं हाही त्यागच. कोणी थांबून विचारत नाही, की त्या दीड-दोन वर्षांत मुंबईत नेमकं झालं काय?

त्या काळी गोव्यातून मुंबईला गाणं शिकायला गेलेल्या मुलाचं परत येणं शंभर कारणांनी व्हायचं. राहायला जागा नसायची. बुवांच्या घरची कामं करण्यात महिने जायचे आणि तालीम मिळायची आठवड्यातून एखादा तास. कोणाला तिथली हवा मानवायची नाही, कोणाचा आवाज बसायचा, कोणाचं गुरूशी पटायचं नाही. आणि एक कारण असं आहे की जे स्मरणिकेत कोणी छापत नाही. आपला गळा मोठ्या सभागृहाचा नाही, वर्गातल्या चाळीस पोरांचा आहे, हे काही जाणकारांना स्वतःचं स्वतः कळतं. हे कळायला कान तयार लागतो. पप्पांचं असंच झालं असेल असा माझा दावा नाही. मला ते माहीत नाही, आणि तुमच्या समितीलाही माहीत नाही, एवढंच मी म्हणते आहे.

माहिती असू शकते ती दोन माणसांना. तुमची धाकटी आत्या म्हापशाला आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि पप्पांबरोबर मुंबईत एका खोलीत राहिलेला एक मित्र अजून हयात आहे असंही. त्यांना विचारा. ‘पप्पांनी आमच्यासाठी गाणं सोडलं का?’ असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाला सगळे होच म्हणतील, कारण भल्या माणसाला दुसरं उत्तर सुचत नाही. विचारा, ‘तिथे ते राहायचे कुठे, खायचे काय, सकाळी कितीला उठायचे, परत आले तेव्हा बरोबर काय आणलं, आल्यावर पहिल्या आठवड्यात काय केलं?’ माणसं अशा प्रश्नांना खरं बोलतात.

आणि आहुतीचा प्रश्न. पप्पा मुंबईहून आले तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. आकाशवाणीच्या वरच्या श्रेणीचा अर्ज त्यांनी भरला नाही तेव्हा तुम्ही, तुमच्याच हिशेबाने, दुसरीत होता. दुसरीतल्या मुलीला कोणी वेदी केलं असेल, तर तिने तो मान परत करायला हरकत नाही.

आपल्या गोव्याचं एक विशेष आहे, आणि त्याचा तुमच्या दुखण्याशी संबंध आहे असं मला वाटतं. आपल्या मोठ्या गायकांचा हिशेब आपण गाव सोडण्यापासून सुरू करतो. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि त्याच मंगेशीचे अभिषेकीबुवा, सगळे इथून गेले आणि बाहेर मोठे झाले. केसरबाईंचा आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून पृथ्वीबाहेर गेला. त्यांच्या नावाने पणजीला समारोह होतात, आपण कला अकादमीत जाऊन बसतो, अभिमानाने ऐकतो. ऐकलंच पाहिजे. पण त्यामुळे मनात एक नकाशा पक्का बसतो. गेला तो कलावंत आणि राहिला तो ‘बिचारा’.

राहिलेल्यांनी काय केलं ते बघा. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव मराठी शाळा आणि हायस्कुलं उभी राहिली. तिथे जो गायनाचा मास्तर नेमला गेला, त्याच्या वाट्याला काय आलं? आठवड्यातून वर्गाला एक किंवा दोन तास, एक पेटी, तीही शिक्षणाधिकारी यायच्या दिवशी कार्यालयातून मिळणारी. निम्मी मुलं बेसूर. १५ ऑगस्ट, १९ डिसेंबर आणि २६ जानेवारीला समूहगान, स्नेहसंमेलनाला नांदी, आणि प्रमुख पाहुणे बदलत गेले तरी तेच स्वागतगीत. (संगीत शिक्षकाने हयातीत किती पाहुण्यांचं स्वागत केलं याची नोंद कुठे ठेवत नाहीत, ठेवली तर पेन्शनमध्ये वाढ द्यावी लागेल.) परीक्षेत गायनाला गुण नाहीत, म्हणून दहावीच्या वर्षी त्याचा तास गणिताला जातो. एवढं सगळं सोसून तो आठवीच्या मुलाला भूप आणि देसकार यांतला फरक ऐकवतो. स्वर तेच पाच, पण एकात गांधारावर विसावा आणि दुसऱ्यात धैवतावर. तीस वर्षांनी तो मुलगा बँकेत कॅशियर असतो आणि अभिषेकीबुवांच्या महोत्सवाला पुढून चौथ्या रांगेत बसलेला असतो. सभागृह भरतं ते या माणसांनी. ही माणसं घडवली कोणी, हे आपल्या कुठल्याच सत्कारात येत नाही. घुमटाला २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, फार चांगलं झालं. ते घुमट वाड्यावरच्या पोरांच्या हाती देऊन ताल चुकला की टपली मारणाऱ्या माणसाचं नाव मात्र त्या वाड्याबाहेर कोणाला ठाऊक नसतं.

आणि जे गेले, त्यांनीही घर आणि गाणं असं एक धरून दुसरं टाकलं नव्हतं. मोगूबाईंचंच बघा. नवरा गेल्यावर तीन मुलांना त्यांनी एकटीने वाढवलं, आणि त्यातल्या एका मुलीला घरातच तालीम देऊन किशोरी आमोणकर केलं. त्या घरात संसार कुठे संपत होता आणि रियाज कुठे सुरू होत होता, हे कोण सांगणार? तुमच्या घरातही ती रेघ ओढता येईल असं मला वाटत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल, तर थोडं थांबा. कारण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पप्पांना कधीच हळहळ वाटली नसेल, असं मी म्हणत नाही. एखाद्या रात्री रेडिओवर बरोबरीच्या कोणाचं गाणं लागलं असेल, आणि ते उठून आत गेले असतील. समाधानी माणसालाही असं होतं. तुम्हाला हवं आहे ते उत्तर ‘नाही, पप्पा पूर्ण सुखी होते’ असं आहे, आणि ते समितीच्या उत्तराइतकंच बेगडी आहे. ते दुःखी होते असं ठरवण्यात विद्यार्थ्यांची सोय आहे, भाषण रंगतं. सुखी होते असं ठरवण्यात तुमची सोय आहे, मन हलकं होतं. दोन्ही बाजूला ठेवा. माणसाला आवडणारं काम करून घरी परत यावंसं वाटतं, आणि कधीमधी न केलेल्या गोष्टीही आठवतात. यात निकाल लावण्यासारखं काही नाही.

आता आई. तुमच्या चार पानी पत्रात त्या दोनदाच येतात, एकदा गुडघ्याच्या व्यायामाला जाताना आणि एकदा ‘कार्यक्रम नको’ म्हणताना. पप्पा कुटुंबवत्सल होते हे खरं, पण शाळा सुटल्यावर घरी येणाऱ्या मुलांना चहा कोण द्यायचं? बाहेरच्या खोलीत शिकवणी चालू असताना तुम्हा दोघांना स्वयंपाकघरात गप्प कोण बसवायचं? उत्सवाच्या नाटकाच्या तालमी रात्री दीड-दोनपर्यंत चालतात, दार उघडायला कोण जागं असायचं? पप्पांचं गाणं शेवटपर्यंत चालू राहिलं त्याचं निम्मं श्रेय या बाईंचं आहे. त्यांच्या नकाराला ‘आईचं वय झालंय’ म्हणून बाजूला सारू नका, आणि देववाक्य म्हणून डोक्यावरही घेऊ नका. विचारा, की नको ते नेमकं काय?

माझा अंदाज सांगते. बहुतेक त्यांना गाणं नको नाही. त्यांना व्यासपीठावर जायचं नाही. शाल-श्रीफळ घेताना फोटोसाठी थांबायचं नाही. पुढच्या सोफ्यावर तीन तास बसून, आपल्या नवऱ्याने आपल्यापायी काय काय सोडलं याची भाषणं ऐकायची नाहीत. तुम्ही शोकसभेत खाली बघत होता. त्या कुठे बघत होत्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

अंदाज बरोबर निघाला, तर मार्ग अवघड नाही. वर्षश्राद्ध तिथीने करा, घरी, भटजींनी सांगितलेल्या दिवशी, आणि संध्याकाळी वाड्यावरच्या भजनी मंडळाला बोलवा. तो दिवस आईचा. समितीची सभा वेगळ्या दिवशी ठेवा, शक्यतो श्रावण आणि चवथ उलटल्यावर. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहापासून गावोगावचे सप्ताह चालू असतात, चांगला तबलजी मिळायची मारामार असते. चवथीत तर कोणी घर सोडत नाही. दिवाळीआधीचा एखादा रविवार, सकाळचा, बरा पडेल. पप्पांनी सकाळचे राग जन्मभर शिकवले, पण शाळेच्या सभागृहात मुलांना ते म्हणायला मिळाले असतील ते सरस्वतीपूजनाच्या दिवशीच. आईंनी यायचं की नाही, आल्या तर कुठे बसायचं, हे त्यांच्यावर सोडा. मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि निवेदकाला बजावून ठेवा, की माइकवरून त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही.

जागेबद्दलही सुचवते. फोंड्यातलं मोठं सभागृह घेतलं की ते भरण्याची काळजी लागते. भरण्यासाठी नावाजलेला कलाकार आणावा लागतो, कलाकार आला की कार्यक्रम त्याचा होतो आणि सरांचा फोटो हारासकट कोपऱ्यात जातो. त्यापेक्षा त्यांच्या शाळेचं सभागृह मागा, नाहीतर गावच्या देवळाचा सभामंडप. गायला विद्यार्थीच ठेवा, आणि त्यात फक्त विशारद झालेले नकोत. ज्याला प्रारंभिकच्या पुढे काही जमलं नाही आणि जो आज बस चालवतो, त्यालाही दहा मिनिटं द्या. भाषणं दोनच, तीही गाण्याच्या मध्ये, शेवटी नव्हे. मान्यवर आलेच तर श्रोत्यांत बसवा, गाणं तिथून जास्त चांगलं ऐकू येतं.

समितीशी हे बोलायला कठीण जाईल, मला कल्पना आहे. ती माणसं पदरमोड करून, प्रेमाने हे करत आहेत. त्यांना ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं सांगू नका. शोकसभेत बोललेल्या त्या विद्यार्थ्याला घरी बोलवा, आईच्या हातचा चहा द्या आणि विचारा, की सरांनी तुला शिकवलेली पहिली चीज कुठली? त्या दिवशी कुठे बसला होतास? चुकलास तेव्हा सर काय म्हणाले? तो जे सांगेल ते त्याच्या भाषणापेक्षा चांगलं असेल, आणि बहुतेक ते त्यालाही जाणवेल. मग म्हणा, सभेत हेच सांग.

स्मरणिकेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. निम्मी पानं सोनार, हार्डवेअर आणि पतसंस्थांच्या शुभेच्छांची, उरलेल्या निम्म्यात ‘ऋषितुल्य’, ‘स्वरयोगी’, ‘दीपस्तंभ’. नावं बदलली तर कोणाचीही स्मरणिका चालून जाईल. काढायचीच असेल तर पातळ काढा, आणि विद्यार्थ्यांकडून लेख मागवू नका. एकच प्रश्न विचारा: ‘सरांकडून शिकलेली कोणती गोष्ट आजही वापरता?’ उत्तर पाच ओळींत, विशेषणाशिवाय. कोणी लिहील, मुलीला झोपवताना तीच अंगाई म्हणतो. कोणी लिहील, माझा षड्ज अजून सरांच्या पेटीच्या काळी चारला लागतो. शंभर उत्तरं आली तर शंभर छापा. सरांनी रचलेल्या चार-दोन बंदिशी असतील तर स्वरलिपीसह तिथेच द्या, म्हणजे पुस्तिका पेटीच्या खणात राहील, रद्दीत जाणार नाही. पारंपरिक कुठल्या आणि त्यांच्या स्वतःच्या कुठल्या, हे जाणत्या विद्यार्थ्याकडून वह्या तपासून घेऊन ठरवा. गुरूची चीज शिष्याच्या वहीत शिष्याची वाटू लागते, अशा चुका मग पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

तुमचा लेख. तुम्ही बसता आणि उठता, कारण समितीने ठरवलेला माणूस तुम्हाला लिहायचा आहे आणि तो तुमच्या ओळखीचा नाही. तुमच्या ओळखीचा आहे तो लिहा. एक दिवस निवडा, शाळेचा साधा बुधवार समजा. किती वाजता उठले, तंबोऱ्याची कुठली तार आधी लावली, अंघोळीनंतर काय खाल्लं, कदंबची कुठली बस धरली, संध्याकाळी परत आल्यावर चप्पल कुठे काढली, आधी कोणाला हाक मारली, मुलं शिकायला येईपर्यंत काय केलं. झोपेपर्यंत लिहा. मुंबईचा प्रसंग त्यात आणायचा असेल तर दोन वाक्यांत आणा: गेले, राहिले, परत आले. कारण कळलं तर लिहा, नाही कळलं तर जागा भरू नका. एखादा दोषही असू द्या. तंबोऱ्याला हात लावला म्हणून पप्पांनी तुम्हाला दिलेल्या धपाट्याचं पत्रात लिहिलंय, ते लेखात ठेवा. आजारपणाचे शेवटचे महिने, पैशांची ओढाताण, भावाशी झालेलं भांडण, हे घरचं आहे, घरीच राहू दे. छापायला देण्याआधी आईला वाचून दाखवा. त्या एखादी तपशिलाची चूक काढतील, ‘बुधवारी नव्हे, गुरुवारी’ असं काहीतरी. ती दुरुस्त करा.

पेटी. मागणारा विद्यार्थी चांगला आहे असं तुम्ही म्हणता. तरी लगेच हो म्हणू नका, कारण ती पेटी तुमची नाही. आपल्या गोव्याच्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. त्यातला अर्धा वाटा आईंचा स्वतःचाच आहे, आणि तुम्ही भावंडं वारस आहात ती उरलेल्या अर्ध्याला. पेटीसाठी कोणी कोर्टात जात नाही, पण हे लक्षात असलं की आधी कोणाला विचारायचं ते कळतं. माझ्या मते द्यावी, आईंनी मनापासून दिली तर. पावसाळ्यात बंद पेटीचे हाल होतात. पट्ट्या फुगून अडकतात, भात्याचं चामडं कडक होतं, रीड काळवंडतात. रोज वाजली तर टिकते. पण ‘दिली’ म्हणण्यापेक्षा ‘वाजवायला दिली’ म्हणा आणि साध्या कागदावर लिहून ठेवा, की तुमच्या घरात कोणी शिकायला बसलं तर ती परत येईल. तुमचा मुलगा भूपात पाढे म्हणतो, हे विसरू नका. तंबोरा मात्र घरीच ठेवा. तारा सैल करून, भोपळ्याला ठोकर लागणार नाही अशा जागी. कधी मिरजेला कोणी जाणार असेल तर तिथल्या कारागिरांकडून जवारी, म्हणजे तारांना गुंजन देणारी घोडीची घडण, काढून घ्या.

भावाकडे पैसे आहेत आणि त्याला काही करायचं आहे. तो लांब आहे, शेवटी जवळ नव्हता, थाटाचा आग्रह मला त्यातून आलेला वाटतो. त्याला नाही म्हणू नका, दुसरं काम द्या. त्याच शाळेतल्या पाच मुलांची गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची फी दरवर्षी भरायची. बँकेत ठेव ठेवून व्याजातून भरता येईल. मुदत आधीच ठरवून घ्या, दहा वर्षं म्हणा. ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ चालणाऱ्या स्मृती-पुरस्कारांची चौथ्या वर्षीच काय दशा होते, हे प्रत्येक शाळेच्या कार्यालयातलं कपाट सांगेल.

असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. चित्रकलेचे मास्तर, शिवणाच्या बाई, पीटीचे सर, गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, यांची मुलंही हेच विचारतात: ‘लोक म्हणतात ते मोठे होऊ शकले असते, मग आम्ही आड आलो का?’ त्यांनाही माझं सांगणं हेच, की आधी तो माणूस जे होता त्याची नीट नोंद करा. जे झाला नाही त्याची यादी करायला गाव समर्थ आहे. घरात असे वडील, आई, आजोबा अजून हयात असतील, तर दुपारी चहाच्या वेळी फोनवरचं रेकॉर्डिंग चालू करून, त्यांना सांगून, त्यांच्या पहिल्या पगाराबद्दल विचारा. तिथून गाडी आपोआप पुढे जाते.

राहिली ट्रंक, आणि हे काम सगळ्यांत आधी करण्याचं आहे. पत्र्याची ट्रंक, माळा आणि आपला पाऊस, हे तिन्ही कॅसेटचे वैरी. मृगाच्या आत ती खाली काढा. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे चौकोन असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी वर दुसरं रेकॉर्ड करणार नाही. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट लावून बघू नका, टेपही खराब होईल आणि फीतही. ती वेगळी काढा आणि जुन्या ध्वनिफिती साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. बाकीच्या आधी एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर मोकळे होतात. सी-१२० असतील तर जपून, त्यांची फीत पातळ असते. मग संगणकावर उतरवा. एका सी-६० ला तासभर लागणारच, त्यात घाई नाही. मूळ प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री करा, आणि एका पेनड्राइव्हवर विसंबू नका. एक प्रत भावाकडे पुण्याला असू द्या.

कॅसेटच्या वेष्टनावर पप्पांनी पेन्सिलीने लिहिलेलं असेल, राग, ताल, तबल्याला कोण. त्याचे फोटो काढून ठेवा. कागदपत्रांत आकाशवाणीची कंत्राटपत्रं सापडतात का तेही बघा. त्यांवर प्रसारणाच्या तारखा असतात. त्या घेऊन पणजी केंद्राला पत्र लिहा, एखादं ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे राहिलं असेल तर तारखेशिवाय शोधणं त्यांना शक्य नाही.

हे काम एकटीने करू नका. उतरवून घेताना आईंना शेजारी बसवा, आवाज कोणाचा आणि घर कोणाचं हे त्या ओळखतील. आणि म्हापशाच्या आत्याला फोन या रविवारीच करा, त्यांचं वय तुम्ही ऐंशीच्या पुढे लिहिलंय.